नोव्हेंबरात अ‍ॅबर्डीनला पक्षी दिसतात का? आधी वारा बघा, मग भरती, मग जागा

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं, त्या बडोद्याच्या, दर हिवाळ्यात पक्षी बघायला तिथल्या वढवाणा तलावावर जातात, आणि यंदा दिवाळी झाली की लेकीच्या बाळंतपणासाठी दीड महिना स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनला जाणार आहेत. तिकडचे सगळे पक्षी थंडीमुळे आपल्याकडे आलेले असणार, मग तिथे बघायला काय उरतं, आणि दुर्बीण न्यायची का नुसता कॅमेरा पुरे?

ताई, दुर्बीण नक्की न्या, कॅमेऱ्याचं नंतर बोलू. माझा मुलगा तिकडे तेलाच्या कामात आहे त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझं वरचेवर जाणं होतं, आणि मला विचाराल तर पूर्ण वर्षात त्या किनाऱ्यावर जायची हीच वेळ. लोक मे-जूनमध्ये पफिन बघायला जातात, तो आता तुम्हाला दिसणार नाही कारण ऑगस्टपर्यंतच तो समुद्रात निघून जातो, पण जे दिसेल ते कमी नाही.

सगळे पक्षी आपल्याकडे येतात हा समज आपल्यात फार आहे. आपल्याकडे येणारे बहुतेक मध्य आशिया, सायबेरिया, तिबेटकडून उतरतात, त्यांचा रस्ता वेगळा. स्कॉटलंडला येणारे आइसलँड, ग्रीनलँड, स्वालबार्ड, नॉर्वेकडचे, आणि त्यांच्या हिशोबाने अ‍ॅबर्डीन म्हणजे दक्षिणेकडची ऊबदार जागा. 57 अंश उत्तरेला असूनही तिथला समुद्र गोठत नाही कारण अटलांटिकचा गरम प्रवाह वर येतो, त्यामुळे नदीच्या मुखाशी चिखल मऊ राहतो आणि त्यात शिंपले, किडे भरपूर. वढवाण्याला जो लाल पायांचा टिलवा आपण बघतो तोच तुम्हाला तिथे चिखलात दिसेल, चोच तीच, ओरडणंही तेच, पण हिवाळ्यातले त्यातले कितीतरी आइसलँडहून आलेले असतात, आपल्या टिलव्यांशी त्यांची कधी गाठ पडत नाही. मला हे अजूनही फार भारी वाटतं.

आता कामाचं. आपल्याकडे आपण जागा ठरवतो आणि पहाटे निघतो, झालं. तिथे हे चालत नाही. आधी वारा कुठून येतोय ते बघायचं, मग भरती किती वाजता आहे ते, आणि त्यावरून कुठे जायचं ते ठरवायचं. जागांच्या याद्या गोळा करून रोज गाडी काढून लांब लांब पळणारे लोक मी बघितलेत, त्यांना निम्मंही दिसत नाही.

वारा का, तर उजेड थोडा आणि हवामान सारखं बदलतं, आणि पक्षी वाऱ्याबरोबरच येतात. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वेकडून वारा आणि त्यात बारीक पाऊस, ढग खाली आलेले, असं असलं की घरच्यांना नको वाटतं पण तुम्ही बाहेर पडा, कारण नॉर्वेकडून समुद्र ओलांडून येणारे छोटे पक्षी त्या हवेत दमून पहिल्या जमिनीवर उतरतात. रेडविंग, फील्डफेअर ही थ्रश मंडळी, ब्लॅकबर्ड, आणि गोल्डक्रेस्ट, पाच-सहा ग्रॅमचा जीव, डोक्यावर पिवळी रेघ, अख्खा नॉर्थ सी ओलांडून येतो आणि किनाऱ्यावरच्या झुडपात तुमच्यापासून हातभर अंतरावर किडे शोधत बसतो, तुमच्याकडे बघतही नाही इतका भुकेला असतो. अशा वेळी त्याच्या फार जवळ जाऊ नका, एका जागी उभं राहिलं तर तोच जवळ येतो.

वारा उत्तरेकडून जोरात सुटला की छोट्या पक्ष्यांचा नाद सोडायचा आणि समुद्राकडे तोंड करून बसायचं. मग लिटल ऑक दिसायची शक्यता, आर्क्टिकमधला पक्षी, साळुंकीपेक्षा थोडा छोटा, गुबगुबीत, काळा-पांढरा, लाटांच्या वरून भराभर पंख मारत जातो. जोराचं वादळ असलं तर ते बिचारे जमिनीवर आत फेकले जातात, शेतात नाहीतर रस्त्यावर पडलेले सापडतात. आइसलँड गल आणि ग्लॉकस गल, पंखांच्या टोकाला काळं नसलेले फिकट सीगल, तेही याच वाऱ्यावर बंदरात येतात.

आणि वारा पश्चिमेचा असेल तर पूर्व किनाऱ्याला जमिनीचा आडोसा मिळतो, समुद्र शांत होतो, आणि पाण्यावर बसलेली बदकं आणि डायव्हर नावाचे बुडी मारणारे पक्षी व्यवस्थित दिसतात. लाटा असल्या की हेच पक्षी क्षणभर वर येतात आणि गायब होतात, अंदाज लागत नाही. म्हणून समुद्री बदकं बघायची तर पश्चिमेच्या वाऱ्याची वाट बघा. लाँग-टेल्ड डक, स्कोटर, रेड-थ्रोटेड डायव्हर (हिवाळ्यात त्याचा गळा लाल नसतो बरं का, करडा-पांढरा दिसतो, चोच जरा वर उचललेली असते त्यावरून ओळखायचा) हे सगळं त्या शांत दिवशी.

भरतीबद्दल. कावी-कंबोईला गेला असाल, स्तंभेश्वराची पिंड दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते ते बघितलं असेल, तेच गणित इथे. खंभातच्या आखातात पाणी फार जास्त चढतं, अ‍ॅबर्डीनला उधाणाच्या दिवशी साधारण 4 मीटरच्या आसपास, पण पक्ष्यांना तेवढं पुरतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी लांबवर पसरलेले असतात, नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसतो आणि सगळे ढकलले जात जात तुमच्याकडे येतात. म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन बसायचं आणि हलायचं नाही.

दिवाळीची अमावास्या आणि कार्तिकी पौर्णिमा, त्या दोन्हींच्या एक-दोन दिवस पुढेमागे उधाणाची भरती असते, आणि अ‍ॅबर्डीनला त्या दिवसांत पूर्ण भरती साधारण दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येते. म्हणजे ऐन उजेडात, तुमच्यासाठी सोन्यासारखी वेळ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे कमी चढणारी, ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी अंधारात येते, त्या आठवड्यात चिखलाच्या जागी जाऊन हात हलवत परत यावं लागतं, तेव्हा हंस बघायचे, त्याचं खाली लिहिते. टाइमटेबल ऑनलाइन मिळतं, फक्त ते कधीकधी ग्रीनिच वेळेत असतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात हे लक्षात ठेवा, त्यानंतर आपल्यात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचा फरक.

उजेडाचं तर विचारूच नका. नोव्हेंबर लागताना सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो आणि सव्वाचारच्या सुमाराला मावळतो, महिन्याच्या शेवटी उगवायला सव्वाआठ आणि मावळायला साडेतीन-पावणेचार. भर दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर, सारखा दक्षिणेकडे खाली लटकलेला. म्हणून जागा अशी निवडायची की तुमची पाठ दक्षिणेला आणि तोंड उत्तरेला. उलटं बसलात तर सगळे पक्षी काळेच दिसणार.

माझ्या दोन आवडत्या जागा याच हिशोबात बसतात.

पहिली शहरातलीच, गर्डल नेस. टॉरीपर्यंत सिटी बस, मग चालत. तिथे 1833 चं दीपगृह आहे, आणि जवळच टॉरी बॅटरी नावाची जुनी तोफांची तटबंदी, तिच्यावर उभं राहिलं की समोर उत्तरेला बंदराचं तोंड. मोठी मोठी जहाजं आत-बाहेर करतात आणि त्यांच्या आसपास बॉटलनोज डॉल्फिन खेळत असतात, लेकीलाही घेऊन जा, चालणं फार नाही. आता तिथे ग्रेहोप बे नावाचं छोटं केंद्र झालंय, उघडं असलं तर काचेच्या आत बसून गरम कॉफी घेत बघता येतं.

तिथे आयडर बदकं हमखास. नर पांढरा-काळा, मानेवर फिकट हिरवी छटा, मादी तपकिरी, अंगावर बारीक रेघा. त्यांचा आवाज ऐकाच, ओसरीवर बसलेल्या बायकांनी काहीतरी चटपटीत ऐकून 'अगंऽबाई' म्हणावं तसा, हुबेहूब. आयडर खेकडा कसा खातो ते जवळून बघा, बुडी मारून खेकडा घेऊन वर येतो, एक पाय चोचीत धरून जोरजोरात झटकतो, पाय तुटून पडतो, मग खेकडा फिरवून दुसरा पाय धरतो, पुन्हा झटका, असं करत करत पाय संपले की उरलेलं गोल अंग अख्खं गिळतो. शिंपलेही अख्खेच गिळतो, कवच पोटात फुटतं. सीगल शेजारी टपून असतात, एखादा पाय उचलायला.

पण गर्डल नेसला जायचं ते पर्पल सँडपायपरसाठी. आपल्या तुतारीच्या भाऊबंदांतला, पण हा चिखलात जातच नाही, याला लाटा आपटतात ते काळे खडक लागतात. करडा-जांभळट रंग, खडकाचाच, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तुम्हाला काहीच दिसणार नाही. आधी टर्नस्टोन शोधा, तो चुळबुळ्या, शेवाळ उलटंपालटं करत असतो, डोळ्यात भरतो. मग त्याच्या आसपास लाटेच्या अगदी कडेला बघत रहा. मोठी लाट आली की खडकाचाच एक तुकडा दोन पावलं वर सरकल्यासारखं होतं, पाणी ओसरलं की परत खाली उतरतो, तोच हा. पाय नारिंगी, चोचीच्या मुळाशीही नारिंगी. फेस अंगावर उडतो तरी उडून जात नाही, नुसता अंग झटकतो आणि परत खायला लागतो. तुम्ही मात्र त्या खडकांवर अजिबात उतरू नका, ओलं शेवाळ फार निसरडं असतं, वरच्या गवतावरून छान दिसतं.

दुसरी जागा न्यूबर्ग, आयथन नदीचं मुख, शहराच्या उत्तरेला साधारण 20 किलोमीटर, युनियन स्क्वेअरच्या बसस्टँडवरून बस मिळते. नदीच्या पलीकडे फोर्वीचे वाळूचे डोंगर, ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, आणि अलीकडून, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने बघितलं की सूर्य पाठीशी. ओहोटीला वाळूवर सील पडलेले असतात, शेकड्यांनी, त्यांचं ते रडल्यासारखं ओरडणं लांबूनच ऐकू येतं. मधे नदी आहे ती राहू द्या, तिथल्या सीलना त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यांना पाण्यात ढकललं की त्यांची ऊब जाते. तिथून जरा आत नदीकाठी या, गावाच्या बाजूला, तिथे चिखल आहे. करल्यू, टिलवे, डनलिन, गोल्डन प्लोव्हर, टिटवीची तिकडची चुलत बहीण लॅपविंग, डोक्यावर लांब तुरा असलेली, आणि विजन, टील ही आपली ओळखीची बदकं. वढवाण्याचा डोळा इथे उपयोगी पडतो, निम्मे पक्षी तुम्ही आधीच ओळखता, त्यामुळे नवीन काय ते चटकन कळतं. माझं म्हणणं, दीड महिन्यात लांबची दहा ठिकाणं करण्यापेक्षा या दोन जागा वेगवेगळ्या वाऱ्यात, वेगवेगळ्या भरतीत पुन्हा पुन्हा करा.

अपवाद एक, हंसांसाठी एक दिवस बाहेर काढायचाच. पिंक-फुटेड गूज, वढवाण्याच्या करड्या हंसापेक्षा छोटा, डोकं गडद, पाय गुलाबी, आइसलँड-ग्रीनलँडवरून सप्टेंबरच्या मध्यापासून येतो, सगळे मिळून ब्रिटनमध्ये पाच लाखांच्या घरात. जावयांची गाडी असेल तर उत्तरेला लॉक ऑफ स्ट्रॅथबेग, वाळूच्या टेकड्यांमागचं मोठं तळं, तिथे आइसलँडचे व्हूपर स्वानही मिळतात. गाडी नसेल तर मॉन्ट्रोज, अ‍ॅबर्डीनहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत, आणि गाडी मॉन्ट्रोज बेसिनच्या अगदी काठाने जाते, खिडकीतूनच सुरुवात होते. स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरवर निरीक्षण केंद्र आहे, आत बसून मोठ्या दुर्बिणीतून बघायची सोय, तुमच्या वयाच्या माणसाला थंडीत हे फार बरं. हंस दिवसभर कापणी झालेल्या शेतात चरतात आणि संध्याकाळी पाण्यावर झोपायला येतात, म्हणून सूर्यास्ताच्या आधी तासभर पोचा आणि अंधार पडेपर्यंत उठू नका. आधी आवाज येतो, विंक-विंक असा बारीक, मग रांगा दिसतात, आणि पाण्याच्या वर आल्यावर ते पंख तिरके करून, एका बाजूला कलंडत धबाधब खाली येतात. पौर्णिमेच्या रात्री ते उशिरापर्यंत बाहेरच चरू शकतात, म्हणून त्या दिवशी नको, अष्टमीच्या आसपास जा, भरती तेव्हा नाहीतरी आपल्या कामाची नसते.

मॉन्ट्रोजला गेलातच तर गावात जोसेफ ह्यूमचा पुतळा आहे तोही बघून या. हा आपल्या अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमचा बाप, त्याच गावात जन्मलेला. मुलगा इकडे येऊन काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होता हे सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं, पण भारतातल्या पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यास त्याने केला हे आपल्या पक्षीवाल्यांपलीकडे फारसं कोणाला माहीत नसतं. त्याच्या नावाचा वटवट्या, ह्यूम्स वॉर्बलर, हिवाळ्यात आपल्याकडे झाडांच्या शेंड्यात असतो आणि आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तोच चुकून नोव्हेंबरात ब्रिटनच्या किनाऱ्यावर एखादा पोचला की तिकडचे पक्षीवाले शंभर मैलांवरून गाड्या काढून येतात. त्याचा आवाज तुम्हाला इथून पाठ असेल तर तिथे तुम्ही त्यांच्यापेक्षा पुढे, म्हणून निघायच्या आधी बडोद्याच्या कमाटीबागेत चार सकाळी कान देऊन फिरा.

बाळंतपणाच्या घरातून रोज निघता येणार नाही हे मला कळतंय. घरबसल्याचं सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री वारा पूर्वेचा असेल तर झोपायच्या आधी पाच मिनिटं खिडकी उघडा, अंधारातून एक बारीक, आत ओढलेला 'स्सीऽप' असा आवाज जाईल, मग परत एक, ते रेडविंग, शहरावरून रात्री जाताना. आणि सोसायटीच्या रस्त्यावर, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लाल-नारिंगी फळांची रोवनची झाडं असतात ती बघत जा. वॅक्सविंग नावाचा पक्षी, डोक्यावर मागे गेलेला तुरा, शेपटीला पिवळी पट्टी, पंखावर मेणासारखे लाल ठिपके, स्कँडिनेव्हियात फळं कमी पडली की थव्याने येतो, 2023 च्या हिवाळ्यात पुष्कळ आले होते. दरवर्षी येत नाही, पण आला की अ‍ॅबर्डीनला आधी, आणि माणसांना अजिबात घाबरत नाही, बाबागाडी घेऊन झाडाखाली उभं राहिलं तरी खात बसतो. दूध आणायला जाताना दिसणारा असा पक्षी दुसरा नाही.

कपडे. थर्मल इथून न्या, बाकी जॅकेट-बूट तिकडेच घ्या, आपल्याकडची जॅकेटं थंडी अडवतात पण तो समुद्रावरचा वारा अडवत नाहीत. तापमान पाच-सात डिग्री ऐकून काही वाटत नाही, पण वाऱ्यात तासभर बसलं की डोळ्यातून पाणी येऊन दुर्बिणीतून दिसेनासं होतं. वारा अडवणारं वरचं जॅकेट, पॅन्टवर घालायची वॉटरप्रूफ पॅन्ट, कान झाकणारी टोपी, लोकरीचे मोजे, आणि हातात पातळ ग्लोव्ह, त्यावर जाड. सलवार नको, घोट्याशी भिजते आणि मग वाळत नाही. छत्री नेऊच नका. बसताना नेहमी भिंतीच्या, दगडाच्या आडोशाला बसा. थर्मासमध्ये सुंठ घातलेला चहा आणि डब्यात ठेपले, तिथल्या किनाऱ्यावर दुकान दिसत नाही.

दुर्बीण 8x42 असेल तर तीच, नवीन घ्यायची गरज नाही, कमी उजेडात ती 10 वालीपेक्षा बरी आणि हात गारठले तरी कमी हलते. कॅमेरा वाटलं तर न्या, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची एक आतल्या खिशात अंगाशी ठेवा. आणि हे महत्त्वाचं, थंडीतून हीटरच्या घरात शिरायच्या आधी कॅमेरा-दुर्बीण बाहेरच बॅगेत घालून चेन लावा आणि तासभर उघडू नका, नाहीतर काचेवर, आतसुद्धा, पाणी धरतं. समुद्राचं खारट पाणी उडलेलं असतं, आधी ओलसर फडक्याने हलकंच टिपा, कोरड्याने घासू नका.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते कारण घरात तान्हं बाळ असणार आहे. किनाऱ्यावर मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावू नका, फोटोसाठी उलटासुद्धा करू नका. 2021 पासून तिकडे बर्ड फ्लूने फार नुकसान केलंय, सॉलवेच्या खाडीतले बार्नॅकल गूज त्या हिवाळ्यात हजारोंनी मेले, पुढच्या उन्हाळ्यात बास रॉक बेटावरचे गॅनेट हे समुद्रपक्षी. माणसाला होणं फार दुर्मीळ, तरी बूट दाराबाहेर काढा आणि हात साबणाने धुवूनच बाळाला घ्या. मेलेला पक्षी कुठे दिसला ते सरकारी वेबसाइटवर कळवता येतं, मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत करेल.

तुमच्या जाण्यायेण्याच्या तारखा इथे टाका, त्या दीड महिन्यात उधाणाचे दिवस कोणते आणि दुपारची भरती किती वाजता ते बघून मी लिहून देते, म्हणजे कोणत्या दिवशी बाळाजवळ जावयांना बसवायचं ते तुम्हाला आधीच ठरवता येईल.